बिलियर्ड्स चॅम्पियनचं करिअर कसं वाचायचं

पेपरात आतल्या पानावर कधीतरी चार ओळींची बातमी येते, पंकज अडवाणीने अजून एक वर्ल्ड टायटल मारलं, आता एकूण २८ झाले, आणि आपण "अरे वा" म्हणून पान उलटतो. २८ म्हणजे नक्की कशात, कोणासमोर, त्यातलं भारी कुठलं आणि त्यामानाने सोपं कुठलं, हे कोणी विचारत नाही कारण विचारायचं कसं तेच माहीत नसतं. हाच माणूस क्रिकेटर असता तर त्याचं ॲव्हरेज, परदेशातल्या सेंच्युऱ्या, कोणत्या बॉलरसमोर अडकायचा हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. बिलियर्ड्समध्ये आपला देश गेली साठपासष्ट वर्षं जगात पहिल्या रांगेत आहे, आणि तरी चॅम्पियनचं करिअर आपण नुसतं मोजतो, वाचत नाही.

म्हणून हे लिहितोय. कोणाही बिलियर्ड्स खेळाडूची माहिती समोर आली की ती कुठून वाचायला घ्यायची, काय शोधायचं, कशाला भुलायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की टायटलचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी ब्रेक बघा, मग तो ब्रेक कुठल्या नियमात झाला ते बघा, मग फॉरमॅट, आणि मग टायटल.

आधी खेळ कोणता ते पक्कं करा, कारण घोळ इथूनच सुरू होतो. पाटीवर बिलियर्ड्स लिहिलेलं असतं आणि आत पूल चालू असतं, किंवा स्नूकर. आपले चॅम्पियन जे खेळतात ते इंग्लिश बिलियर्ड्स, टेबल स्नूकरचंच, १२ बाय ६ फुटांचं, सहा पॉकेट, पण बॉल फक्त तीन. एक रेड, एक व्हाइट, एक यलो. व्हाइट एकाचा, यलो दुसऱ्याचा, रेड दोघांचा. पूर्वी दोन्ही व्हाइटच असायचे आणि ओळखायला एकावर ठिपका असायचा, त्यामुळे यलो असला तरी जुने लोक अजून समोरच्याच्या बॉलला व्हाइटच म्हणतात, मी पण खाली तेच करणार आहे.

पॉइंट मिळायचे रस्ते तीन. आपल्या बॉलने बाकीच्या दोन्ही बॉलना लागायचं, हा कॅनन, २ पॉइंट. रेड पॉट केला, म्हणजे पॉकेटमध्ये घातला, तर ३, समोरच्याचा व्हाइट पॉट केला तर २. आणि तिसरा रस्ता म्हणजे इन-ऑफ, ज्याला स्नूकरवाले हमखास चक्रावतात, आपलाच बॉल दुसऱ्या बॉलला लागून पॉकेटमध्ये गेला तर स्नूकरमध्ये फाउल पण इथे चक्क पॉइंट, रेडवरून गेला तर ३ आणि व्हाइटवरून गेला तर २. एका स्ट्रोकमध्ये यातलं एकाहून जास्त झालं तर सगळे पॉइंट धरतात, जास्तीत जास्त १० पर्यंत. पॉइंट मिळत राहिले की तुमची पाळी चालू राहते, आणि एका पाळीत सलग जेवढे पॉइंट झाले तो तुमचा ब्रेक.

एक बारकी गोष्ट इथेच लक्षात ठेवा, पुढे मॅच बघताना कामी येईल. समोरच्याचा व्हाइट पॉट केला की तो तुमची पाळी संपेपर्यंत टेबलाबाहेरच राहतो. म्हणजे कॅननला लागणारा बॉलच गेला. त्यामुळे चांगला खेळाडू व्हाइट अगदी पॉकेटच्या तोंडाशी असला तरी बहुतेक वेळा त्याला हात लावत नाही, आणि नवखा बघणारा म्हणतो, अरे एवढा सोपा कसा सोडला! सोडला नाही, सांभाळून ठेवलाय.

आता ब्रेक. आपल्या मायकल फरेरा यांनी १९७८ मध्ये नॅशनलला १,१४९ चा ब्रेक केला, ॲमेच्युअर खेळाडूने हजार ओलांडायची ती पहिलीच वेळ. आकडा मोठा आहे हे दिसतं, पण किती मोठा ते कळायला तो ब्रेक बनतो कसा ते बघावं लागतं, म्हणून जरा टेबलाच्या वरच्या टोकाला या. रेड त्याच्या स्पॉटवर ठेवलाय, वरच्या कुशनपासून, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीपासून, साधारण १३ इंचांवर. व्हाइट त्या स्पॉटच्या मागे, कुशन आणि रेडच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, थोडा बाजूला. खेळाडूचा बॉल रेडच्या जवळ. तो रेड वरच्या पॉकेटमध्ये घालतो, ३ पॉइंट, पण त्याचं लक्ष पॉटवर नसतंच, आपला बॉल पॉटनंतर थांबणार कुठे त्यावर असतं, कारण रेफरी रेड परत स्पॉटवर ठेवणार आणि तिथून लगेच कॅनन करायचाय. मग तो कॅनन करतो, २ पॉइंट, इतका हळू की व्हाइट जेमतेम हलतो आणि रेड मात्र पॉकेटकडे एवढा सरकतो की पुढचा पॉट समोर तयार. पॉट, कॅनन, पॉट, कॅनन. दोन स्ट्रोकला ५ पॉइंट. यात व्हाइट चुकीच्या बाजूला दोन-तीन इंच जरी सरकला तरी अख्खी मांडणी मोडते, मग रेडवरून इन-ऑफ मारत, टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या अर्धवर्तुळातून, ज्याला डी म्हणतात, तिथून खेळत खेळत परत वर यायचं आणि पुन्हा रचना लावायची.

आता हिशोब करा. दोन स्ट्रोकला ५ या चालीने १,१४९ म्हणजे साडेचारशेच्या आसपास स्ट्रोक, मधे इन-ऑफ धरले तर थोडे कमी. एकही चुकायचा नाही, आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर तिन्ही बॉल कामाच्या जागी. समोरचा खेळाडू तोपर्यंत खुर्चीत बसून असतो, त्याला काहीही करता येत नाही. कोणाही चॅम्पियनचा हायेस्ट ब्रेक वाचला की त्याला अडीचने भागा, स्ट्रोक किती त्याचा अंदाज येतो, आणि मग आकडा आकडा राहत नाही.

पण इथेच पहिला खड्डा आहे. दोन काळातले ब्रेक शेजारी ठेवून तुलना करायची नाही, कारण नियम सारखे बदललेत, आणि बदलले तेही चॅम्पियन लोकांमुळेच. १८९० मध्ये डब्ल्यू. जे. पील नावाच्या खेळाडूने ३,३०४ चा ब्रेक केला तो स्पॉटवरचा रेड पुन्हा पुन्हा पॉट करून, मग १८९८ मध्ये त्या प्रकारावर बंदी आली. १९०७ मध्ये टॉम रीसने तर पॉकेटच्या तोंडाशी दोन बॉल अडकवून नुसते कॅनन करत ४,९९,१३५ पर्यंत मजल मारली, जूनमध्ये सुरू केलेला ब्रेक जुलैत थांबला, बघायला कोण येणार होतं देव जाणे, आणि तो अधिकृत रेकॉर्ड म्हणून धरलाही गेला नाही. मग ऑस्ट्रेलियाचा वॉल्टर लिंड्रम आला. तो तिन्ही बॉल कुशनला लागून जवळ जवळ ठेवायचा आणि अगदी हलक्या टिचक्या मारत कॅननची रांग लावत पुढे सरकायचा, याला नर्सरी कॅनन म्हणतात. जानेवारी १९३२ मध्ये लंडनला इंग्लंडच्या जो डेव्हिससमोर त्याने ४,१३७ केले, तीन तासांच्या आत. त्याच्या या खेळामुळे नियम आला की ठरावीक पॉइंटनंतर बॉल टेबलाच्या दुसऱ्या टोकाची बॉक लाइन, डी जिला लागून असतो ती आडवी रेघ, ओलांडून गेलाच पाहिजे, म्हणजे मांडून ठेवलेला संसार मोडून परत उभा करायचा.

ही बॉक लाइनची अट आजही जास्त वेळ चालणाऱ्या गेममध्ये आहे, ब्रेकच्या दर १०० पॉइंटमध्ये ८० ते ९९ च्या दरम्यान क्यू बॉल, म्हणजे खेळणाऱ्याचा स्वतःचा बॉल, एकदा लाइन ओलांडून जायला हवा. शिवाय रेड स्पॉटवरून सलग दोनदा नुसता पॉट केला, मधे कॅनन किंवा इन-ऑफ नाही, तर तो टेबलाच्या मधल्या स्पॉटवर जातो. आपल्या गीत सेठी यांचा १९९२ च्या वर्ल्ड प्रोफेशनलमधला १,२७६ चा गाजलेला ब्रेक तीन पॉटची सूट होती त्या नियमातला आहे. सिंगापूरच्या पीटर गिलख्रिस्टचा २००७ मधला १,३४६ नंतरच्या नियमातला. तेव्हा "लिंड्रमने चार हजार मारले, सेठींनी बाराशेच" असं कोणी म्हणालं तर त्याला शांतपणे विचारायचं, नियम कुठला? बहुतेक वेळा समोरून उत्तर येत नाही.

म्हणजे करिअर वाचताना प्रत्येक मोठ्या ब्रेकपुढे तीन गोष्टी लिहून घ्यायच्या, साल, स्पर्धा, नियम. या तीन नसतील तर तो आकडा बाजूला ठेवा.

आता फॉरमॅट, आणि हे जरा नीट वाचा कारण पंकजचे २८ इथेच उलगडतात. बिलियर्ड्स दोन प्रकारे खेळतात. एक टाइम फॉरमॅट, ठरलेल्या वेळात ज्याचे पॉइंट जास्त तो जिंकला. दुसरा पॉइंट फॉरमॅट, १५०-अप वगैरे, म्हणजे जो आधी १५० ला पोचला त्याचा तो गेम आणि असे ठरलेल्या संख्येत जास्त गेम जिंकले की मॅच. ऐकायला फरक छोटा वाटतो पण खेळ पूर्ण बदलतो. तासन्‌तास चालणाऱ्या टाइम गेममध्ये तुम्ही दोनदा चुकलात तरी तिसऱ्यांदा तीनशेचा ब्रेक करून परत येता, ज्याच्याकडे वरच्या टोकाचा खेळ पक्का आणि डोकं थंड त्याचं तिथे राज्य. १५०-अपमध्ये एक चूक केली की समोरचा उठतो, साठेक स्ट्रोक मारतो, गेम खलास, आणि तुम्हाला क्यूला, म्हणजे हातातल्या काठीला, चॉक लावायलाही मिळालेलं नसतं. इथे सेफ्टी (समोरच्याला सोपं काही न ठेवणं), पहिला ब्रेक आणि जिगर जास्त चालते.

निकालाची ओळ वाचायला शिका. पॉइंट फॉरमॅटचा निकाल असा छापून येतो, समजा, ४-२: १५१(९६)-४०, ६३-१५०(१५०), १५०(७२)-१४८... हा स्कोअर मी नुसता समजवायला लिहिलाय, कुठल्या मॅचचा नाही. कंसातला आकडा म्हणजे त्या गेममधला मोठा ब्रेक. आता बघा, दुसऱ्या गेममध्ये समोरच्याने एकाच पाळीत १५० काढलेत, म्हणजे तो सूर लागला तर मारक आहे. तिसऱ्यात १५०-१४८, म्हणजे दोन पॉइंटवर, एका कॅननवर गेम फिरला. नुसतं ४-२ वाचून यातलं काही कळलं असतं का? आणि सगळ्या गेममध्ये कंसच नसतील तर समजा की दोघंही घाबरत घाबरत खेळले, मॅच रटाळ झाली, बातमीत भले "चुरशीची" लिहिलेलं असो.

तर पंकज. जन्म पुण्याचा, २४ जुलै १९८५, लहानपणी काही वर्षं कुवेतला आणि मग बंगळूर, तिथे अरविंद सावूर यांच्या हाताखाली तयार झाला. त्याच्या २८ मध्ये बिलियर्ड्सचा टाइम फॉरमॅट आहे, पॉइंट फॉरमॅट आहे, १५ रेडचा नेहमीचा स्नूकर आहे, ६ रेडचा छोटा स्नूकर आहे, आणि टीमची टायटलं पण आहेत. एकाच माणसाला हे सगळं जमणं ही खरी बातमी, आणि ती २८ या आकड्यात दबून जाते. पहिलं वर्ल्ड टायटल २००३ मध्ये चीनमध्ये मिळालं ते स्नूकरचं, बिलियर्ड्सचं नाही! मग २००५ ला माल्टामध्ये टाइम आणि पॉइंट दोन्ही फॉरमॅट एकाच वर्षी, एकाच ठिकाणी जिंकले. याला ग्रँड डबल म्हणतात, आणि त्याने ते पुढे २००८, २०१४ आणि २०१८ मध्ये परत केलं. वर लिहिलेला दोन फॉरमॅटमधला फरक डोक्यात ठेवून हे परत वाचा. माझ्या मते त्याच्या करिअरमधली सगळ्यात भारी ओळ ही आहे, २००९ ला लीड्समध्ये माइक रसेलला हरवून मिळवलेलं प्रोफेशनल टायटल तिच्या खालोखाल. रसेल म्हणजे प्रोफेशनल बिलियर्ड्समधला त्या काळातला सगळ्यात मोठा माणूस, त्याच्या देशात जाऊन त्याला हरवणं आणि ६ रेडचं एखादं टायटल, मोजताना दोन्ही एकेकच धरले जातात, हाच तर मोजण्याचा प्रॉब्लेम.

जुन्या खेळाडूंना मात्र उलट बाजूने न्याय द्यावा लागतो. विल्सन जोन्स यांच्या नावावर दोनच वर्ल्ड टायटल, १९५८ कलकत्ता आणि १९६४ न्यूझीलंड. २८ शेजारी २ ठेवले तर काय दिसणार. पण तेव्हा वर्ल्ड ॲमेच्युअर स्पर्धा साधारण दोन वर्षांतून एकदा व्हायची, १९५४ नंतर तर एकदम १९५८. १९५८, ६०, ६२, ६४, या चार स्पर्धांमधल्या दोन जोन्स यांनी जिंकल्या, एकच फॉरमॅट, एकच संधी, आणि परदेशात म्हटलं तर बोटीचा किंवा तेव्हाच्या विमानाचा प्रवास करून. शिवाय तेव्हा नॉकआउट नसायचं, लीग असायची, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, त्यामुळे "फायनलला कोणाला हरवलं" हा प्रश्नच तिथे लागू होत नाही, जोन्स यांच्याबद्दल कोणी फायनलची रसभरीत गोष्ट सांगितली तर जरा जपूनच ऐका.

जोन्स पण पुण्याचेच, जन्म १९२२ चा, अँग्लो-इंडियन घरातले. १९५८ चं त्यांचं टायटल म्हणजे कुठल्याही खेळात भारतीयाने वैयक्तिक वर्ल्ड चॅम्पियन व्हायची पहिली वेळ. खाशाबा जाधवांचं १९५२ चं ब्राँझ मराठी माणसाला माहीत असतं, असायलाच हवं, पण सहा वर्षांनी पुण्यात जन्मलेला एक माणूस जगज्जेता झाला हे पुण्यातही चार जणांना विचारलं तर तीन जण डोकं खाजवतील. बिलियर्ड्सची नॅशनल त्यांनी १२ वेळा जिंकली. अर्जुन मिळालं, १९६५ ला पद्मश्री, आणि १९९६ ला द्रोणाचार्य. शेवटचं विशेष बघा, खेळणं संपल्यावर त्यांनी पुढची पिढी घडवली त्याची ती पावती. करिअर वाचताना शेवटच्या टायटलपाशी थांबायचं नाही ते याचसाठी.

आणि न्यूझीलंडच्या १९६४ च्या त्याच स्पर्धेत अजून एक भारतीय होता, पंचविशीतला मुंबईचा मायकल फरेरा, दार्जिलिंगला शाळेत असताना खेळायला लागलेला आणि नंतर वकिली शिकलेला. जिंकले जोन्स. फरेरा यांना वर्ल्ड चॅम्पियन व्हायला त्यानंतर तेरा वर्षं लागली, १९७७, मेलबर्न. आता हा गॅप दिसला की लोक पटकन पुढे जातात, तुम्ही जाऊ नका, चॅम्पियनच्या करिअरमधली रिकामी वर्षं नीट बघायची सवय लावा. दोन वर्षांतून एक स्पर्धा, हातात क्यू असला तरी पोटासाठी दुसरा व्यवसाय, प्रायोजक वगैरे भानगड नाही. वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिलं टायटल आणि मग १९८१ दिल्ली, १९८३ माल्टा. १९७९ चं तेवढं माल्टाच्या पॉल मिफसूदने नेलं.

पंकजच्या करिअरमध्येही असा एक तुकडा आहे. २०१२ ते २०१४ तो इंग्लंडच्या प्रोफेशनल स्नूकर टूरवर होता. २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये क्वार्टर फायनलला पोचला, रँकिंग स्पर्धेत तिथवर जाणारा पहिला भारतीय. दोन सीझननंतर त्याने टूर सोडली आणि बिलियर्ड्स-स्नूकर दोन्ही खेळायला परत मोकळा झाला. टायटलच्या यादीत ही क्वार्टर फायनल दिसणारच नाही, पण ज्यांच्याशी तिथे खेळायचं होतं ते जगातले सगळ्यात कसलेले स्नूकर प्रोफेशनल होते. एशियन गेम्सचंही तसंच, २००६ दोहा आणि २०१० ग्वांगझू अशी दोन गोल्ड आहेत, मग पुढे काहीच नाही, कारण २०१० नंतर क्यू स्पोर्ट्सच एशियन गेम्समधून बाहेर काढले. खेळाडू संपला म्हणून मेडल थांबली असा अर्थ कृपया काढू नका.

पुरस्कारांवर फार वेळ घालवू नका, एक गोष्ट सोडून. १९८१ ला फरेरा यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांनी नाकारली, म्हणणं असं की सुनील गावसकरांना पद्मभूषण देता तर वर्ल्ड चॅम्पियनला ते का नाही. केवढी बोंब झाली असेल विचार करा, क्रिकेटशी बरोबरी मागायची आणि ती पण उघडपणे! १९८३ ला त्यांना पद्मभूषण मिळालं. गीत सेठींना १९९२-९३ चं खेलरत्न मिळालं, विश्वनाथन आनंदनंतर दुसरंच. या दोन ओळींवरून त्या काळात बिलियर्ड्सचं वजन किती होतं आणि ते कमवायला किती भांडावं लागलं ते कळतं, बाकी पुरस्कारांची यादी कोणीही छापतो.

वाचून झालं की बघा. जुन्या-नव्या मॅचचे व्हिडिओ मिळतात, पण बघायचं कसं हे सांगतो कारण पहिल्या दहा मिनिटांत झोप येते हे मला माहीत आहे. खेळाडूच्या हाताकडे बघू नका, पॉकेटकडे पण नको. स्ट्रोक व्हायच्या आधी स्वतःला विचारा, तिन्ही बॉल आता कुठे थांबतील? आणि मग बघा कुठे थांबले. दहाबारा स्ट्रोकमध्ये तुम्हाला पॅटर्न दिसायला लागेल, आणि चॅम्पियनचा फरक हाच की तुम्हाला वाटलं त्याहून बॉल कमी हलतात. सेठींचा खेळ असो की पंकजचा, स्ट्रोक कंटाळवाणे सोपे दिसतात, कारण अवघड स्ट्रोक येऊच नये याची तजवीज आधीच्या स्ट्रोकला झालेली असते. ज्या ब्रेकमध्ये टाळ्या पडणारे स्ट्रोक जास्त तो ब्रेक खरं म्हणजे डगमगत चाललाय.

लांबच्या गेममध्ये ब्रेक ८० च्या पुढे गेला की सावरून बसा. इथे बॉक लाइनची अट येते, रेफरी तसं सांगतो, आणि छान बसलेली मांडणी खेळाडूला स्वतःहून मोडावी लागते. कोणी लांब इन-ऑफ मारून खाली येतो, कोणी कॅननमध्येच बॉल पूर्ण खाली नेऊन परत आणतो. कोण ८१ लाच सोडवून मोकळा होतो आणि कोण ९५ पर्यंत ताणतो, स्वभाव दिसतो. दर शंभराला हे एकदा, म्हणजे पाचशेच्या ब्रेकमध्ये पाच वेळा. मॅचमधल्या बऱ्याच चुका इथेच होतात.

आणि जमलं तर एकदा स्वतः टेबलावर उभे राहा, तासाभरासाठी का होईना. मार्करला, म्हणजे क्लबात टेबल सांभाळणाऱ्या माणसाला, सांगून तीनच बॉल काढून घ्या. डीमधून रेडवर हाफ-बॉल इन-ऑफ करून बघा, म्हणजे आपल्या बॉलचा मध्य रेडच्या कडेवर धरायचा आणि मध्यम वेगाने मारायचं, आपला बॉल ठरलेल्या कोनात फुटून मधल्या पॉकेटकडे जातो. हा या खेळाचा सगळ्यात पहिला धडा आहे. रेड कुठे ठेवायचा ते मार्करच दाखवेल, त्यांना हे पाठ असतं. एखाददोन गेले की खूश व्हाल. मग पुढचं करून बघा, इन-ऑफ करायचाच पण रेड कुशनला लागून परत त्याच जागी यायला पाहिजे, म्हणजे पुढचा इन-ऑफ पण तसाच मिळेल. तिथे वेगाचा प्रश्न येतो आणि सगळी हवा निघते. सलग पाच झाले, म्हणजे १५ पॉइंट, तर क्लबात चहा तुमच्याकडून. आणि त्यानंतर घरी येऊन १,१४९ हा आकडा परत वाचा.

राहिली शेवटची गोष्ट, आणि बहुतेक जण हीच करत नाहीत, कोण कोणाला हरला ते लिहून काढणं. कागदावर नावं लिहा आणि बाण काढा, जिंकणाऱ्याकडून हरणाऱ्याकडे, बाजूला साल. ऑस्ट्रेलियाचे बॉब मार्शल घ्या, १९३६ ला पहिल्यांदा चॅम्पियन, १९६२ ला पर्थमध्ये चौथ्यांदा, त्या वर्षी जोन्स तिथे होते आणि त्यांना टायटल मिळालं नाही. हेच मार्शल १९८५ ला दिल्लीत, वय ७५, परत वर्ल्डच्या फायनलला, समोर चोवीस वर्षांचे गीत सेठी, आणि सेठी जिंकले. एका माणसाच्या मधून जोन्स आणि सेठी जोडले गेले, बिलियर्ड्समध्ये करिअर किती लांब चालतं ते याच्याइतकं दुसऱ्या कशाने कळणार नाही. १९९८ च्या बँकॉक एशियन गेम्समध्ये सिंगल्सचं गोल्ड अशोक शांडिल्य यांनी घेतलं आणि सिल्व्हर सेठींना, डबल्सचं गोल्ड मात्र दोघांनी मिळून. कोलकात्याचे मनोज कोठारी १९९० चे वर्ल्ड चॅम्पियन, त्यांचा मुलगा सौरव २०१८ ला लीड्समध्ये गिलख्रिस्टला हरवून चॅम्पियन, म्हणजे तोच तो १,३४६ वाला गिलख्रिस्ट, आणि २०२५ ला आयर्लंडमध्ये फायनलला सौरवसमोर होता पंकज, त्यातही सौरवच जिंकला. पंकजच्या २८ मध्ये ही फायनल कुठेच नाही, म्हणून तुमच्या कागदावर ती पाहिजे.